चिखल्याचें बिऱ्हाड

खड्डा या शब्दाच्या वांट्याला मराठींत कधीं मान आला नाहीं. दुसऱ्यासाठीं खड्डा खणणारा स्वतःच त्यांत पडतो, हें आपण लहानपणींच शिकतों. कोणाचें वाटोळें झालें म्हणजे तो खड्ड्यांत गेला असें म्हणतों. आणि नगरपालिकेवर रोष काढावयाचा झाल्यास रस्त्यांतील खड्ड्यांइतकें सोयीचें निमित्त दुसरें सांपडत नाहीं. डबरें, खांच, गर्ता हीं त्याचीं भावंडेंहि फारशीं प्रतिष्ठित नाहींत. अशा या शब्दाविषयीं गेल्या उन्हाळ्यापासून माझ्या मनांत थोडा आदर उत्पन्न झाला आहे, आणि त्याला कारण झाले ते इंग्लंडांतील ट्रेंट नदीच्या कांठचे कांहीं जुने खड्डे.

नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येस चारएक मैलांवर ॲटनबरो नांवाचें खेडें आहे. त्याच्या शेजारच्या बीस्टन गांवीं माझी मुलगी राहते, आणि गेल्या उन्हाळ्यांत अडीच महिने आम्ही उभयतां तिच्याकडे होतों. परदेशांत मुलीच्या घरीं गेलेल्या प्राध्यापकाला काम असें कांहींच नसतें. नातीला शाळेंत पोंचविलें कीं तो मोकळा. मी रोज सकाळीं त्या खेड्यांतील चर्चवरून तळ्यांकडे फिरावयास जात असें. मी इतिहास शिकवितों. त्यामुळें चर्चजवळून जातांना हेन्री आयर्टनची आठवण झाल्यावांचून राहात नसे. क्रॉमवेलचा हा जांवई व सेनापति १६११ सालीं याच गांवीं जन्मला, आणि पहिल्या चार्ल्स राजाच्या मृत्युदंडाच्या आज्ञेवर सही करणाऱ्यांत तो होता. परंतु तेथें येणाऱ्या माणसांना त्याचें कांहीं सोयरसुतक दिसलें नाहीं. तीं दुर्बिणी गळ्यांत अडकवून येतात, आणि राजा कोणीं मारला याची चौकशी न करतां बदकें किती आलीं याची करतात.

या तळ्यांपैकीं एकहि निसर्गानें केलेलें नाहीं. १९२९ सालापासून तेथें जमीन खणून ग्रॅव्हल काढूं लागले, त्याचे हे खड्डे. ग्रॅव्हलला आपण सरसकट खडी म्हणून मोकळे होतों. पण आपली खडी म्हणजे काळा पत्थर फोडून केलेली, धारदार कडांची. ही निराळी. ही पाण्यानें घोळून घोळून गोल केलेली, सुपारीपासून लिंबापर्यंत सर्व आकारांच्या गोट्यांची रेती. हिमयुगांत वितळत्या बर्फाच्या पुरांनीं ती वाहून आणली आणि नदीच्या दोहों अंगांस पसरली. तिच्यावर पुढें गाळ बसला, गाळावर गवत आलें, गवतावर गाई चरल्या. सिमेंटाचें युग उजाडलें तेव्हां कोणाच्या तरी ध्यानांत आलें, कीं या गाईंच्या पायांखालीं शहरेंच्या शहरें पुरलेलीं आहेत. तीं फक्त अजून बांधावयाचीं आहेत!

काढण्याची रीत सोपी आहे. वरची कसदार माती एका बाजूस, तिच्याखालची हलकी माती दुसऱ्या बाजूस रचून ठेवतात. पंपानें पाणी उपसत खालची रेती खणतात. ती धुतात, चाळण्यांनीं बारीक-मोठी वेगळी करतात. आणि धुण्यांतून निघालेला चिखल एखाद्या जुन्या खड्ड्यांत सोडून देतात. नदी जवळ असल्यामुळें जमिनींतलें पाणी अगदीं वर असतें. म्हणून पंप थांबला कीं खड्डा आपोआप भरतो. आमच्या सोलापूर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला शेंकडों फूट भोंक पाडूनहि जें लाभत नाहीं, तें तेथें दुसऱ्याच्या नफ्याचें उष्टें म्हणून पडलेलें असतें.

ॲटनबरोच्या या पाण्यावर पक्षी येऊं लागले, पक्ष्यांमागून पक्षी पाहणारे आले, आणि बरींच वर्षें गोष्ट एवढ्यावरच राहिली. १९६० नंतर मात्र खड्ड्यांचा एक नवा उपयोग निघाला. कोळशाच्या वीजकेंद्राची राख टाकावयास जागा हवी होती. रिकामा खड्डा आणि निरुपयोगी राख यांच्याइतका समसमान संयोग हिशेबनिसाला दुसरा कोठें मिळणार? ज्यांना तो पसंत पडला नाहीं त्यांनीं एकत्र येऊन १९६३ सालीं एक संस्था काढली. नॉटिंगहॅमशर वाइल्डलाइफ ट्रस्ट हें तिचें आजचें नांव. पुढच्याच वर्षीं या खड्ड्यांना विशेष शास्त्रीय महत्त्वाचें स्थळ म्हणून मान्यता मिळाली, आणि १९६६ सालीं तेथें अभयारण्य सुरू झालें. त्याच्या उद्घाटनाला डेव्हिड ॲटनबरो आले. गांवाचें नांव आणि पाहुण्याचें आडनांव एकच, हा योग जुळवून आणणाऱ्याची मला मौज वाटते. २००५ सालीं पाण्यालगत बांधलेलें नवें अभ्यागतगृह उघडावयासहि तेच आले होते. जमीन मात्र इतकीं वर्षें रेतीच्या कंपनीचीच होती. ती विकत घेण्यासाठीं ट्रस्टनें २०२० सालीं लोकांकडे दहा लक्ष पौंडांची झोळी पसरली आणि ती भरली.

तळ्यांवरून नैर्ऋत्येकडे पाहिलें म्हणजे रॅटक्लिफच्या वीजकेंद्राचे आठ अजस्र मनोरे क्षितिजावर उभे दिसत. त्यांच्यांतून वाफ निघत नव्हती. ब्रिटनमधील कोळशाचें हें शेवटचें वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजीं बंद झालें. ज्या सुबत्तेच्या राखेसाठीं हीं तळीं द्यावयाचीं होतीं, ती सुबत्ता साठ वर्षांत आटोपली; आणि तिच्या रिकाम्या मनोऱ्यांचें प्रतिबिंब असलेल्या पाण्यांत शेंडीवाल्या डुबकीचें एक जोडपें आपलीं पट्टेदार पिलें पाठीवर घेऊन खुशाल हिंडत होतें. इतिहासाच्या अध्यापकाला वर्गांत सांगावयास असा दाखला सहसा मिळत नाहीं.

परंतु खड्ड्यांत पाणी भरलें म्हणजे अभयारण्य झालें, अशी माझी जी सोपी समजूत होऊं पाहत होती, ती तेथील एका सत्तरीच्या गृहस्थानें टिकूं दिली नाहीं. हे गृहस्थ आठवड्यांतून एक दिवस कातरी व करवत घेऊन तेथें काम करावयास येत, अर्थात् बिनपगारी. त्यांनीं मला सांगितलें, कीं रेती काढणाऱ्याला जो खड्डा सोयीचा तो पक्ष्याला गैरसोयीचा. खणणारा कडेपर्यंत सरळ खोल खणतो. त्यामुळें कांठ भिंतीसारखा उभा राहतो, आणि अशा पाण्यांत बुडी मारणाऱ्या पक्ष्यांखेरीज कोणाचें पोट भरत नाहीं. बाकीच्यांना हवा असतो उथळ, वांकडातिकडा, नागमोडी कांठ, मध्यें बेटें, पाण्यांत शिरलेल्या जमिनीच्या जिभा. हें प्रथम पद्धतशीरपणें करून पाहिलें तें केंट परगण्यांत सेव्हनओक्स येथें, १९५६ पासून, जेफ्री हॅरिसन या डॉक्टरानें. हा मनुष्य बदकें मारणाऱ्या शिकाऱ्यांच्या संघटनेंतला. बदकें काय खातात हें त्यानें त्यांच्या पोटांत पाहिलें, आणि तीं तीं झाडें खड्ड्यांच्या कांठीं लावलीं. आपल्याकडे अहिंसेवर व्याख्यानें देणारे पुष्कळ. पण बदकाच्या जेवणाची चौकशी करण्याचें एका शिकाऱ्याला सुचावें, याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाहीं.

कायद्यानेंहि हळूहळू हात दिला. १९४७ पासून तेथें खाणीला नियोजन-खात्याची परवानगी लागते आणि परवानगीबरोबर अटी येतात. १९८१ च्या कायद्यानें त्यांत आणखी भर घातली, ती अशी कीं खणणारानें जमीन नुसती नीट करून भागत नाहीं, तर पुढें सामान्यतः पांच वर्षें तिची निगाहि राखली पाहिजे. त्यामुळें आतां खड्ड्याचा आकार खणण्याआधींच कागदावर ठरतो. केंब्रिजशरमध्यें ऊझ नदीकांठीं पूर्वीं हॅन्सन या नांवानें ओळखली जाणारी कंपनी रेती काढीत जाते, आणि तिच्या मागोमाग पक्षिसंरक्षणाची संस्था बोरूचीं बनें लावीत जाते. सारें पुरें होईल तेव्हां तें क्षेत्र सातशे हेक्टरांच्या घरांत जाईल. बोरूच्या बनांत लपून राहणारा बिटर्न नांवाचा एक तपकिरी बगळा आहे. शंख फुंकल्यासारखा त्याचा घुमणारा आवाज येतो म्हणूनच तो आहे हें कळतें. १९९७ सालीं साऱ्या ब्रिटनमध्यें असे घुमणारे नर अवघे अकरा उरले होते. आज ते दोनशेंच्या वर आहेत, आणि त्यांत या जुन्या खड्ड्यांचा वांटा मोठा आहे.

तरीहि माझें मन बसलें तें बिटर्नवर नव्हे, चिखल्यावर.

पंढरपूरच्या खालच्या अंगाला भीमेकांठीं आमचें गांव. उन्हाळ्यांत नदी ओसरली कीं वाळवंट उघडें पडे, आणि कलिंगडाच्या वाडीला पाणी घालावयास जातांना पायांपुढून एक पांखरूं तुरुतुरु धांवत सुटे, थबके, पुन्हां धांवे. चिमणीहून किंचित् मोठें, वाळूच्याच रंगाचें, गळ्यांत काळा गोफ, डोळ्याभोंवतीं पिवळें कडें. आम्ही मुलें घरट्याच्या रोखानें गेलों तर तें पंख मोडल्याचें सोंग करून लंगडत लंगडत आम्हांला भलतीकडे नेई. घरटें म्हणजे तरी काय? गोट्यांतला एक खळगा, आणि त्यांत गोट्यांसारखींच चार अंडीं. पायाखालीं चिरडेपर्यंत दिसूं नयेत अशीं. पुस्तकांत याला कंठेरी चिखल्या म्हणतात हें मला पुढें कळलें. आम्ही नुसतें चिखल्या म्हणत असूं.

हाच चिखल्या मला ट्रेंटच्या खोऱ्यांतील एका चालू खाणीच्या कडेला भेटला. कुंपणाबाहेरून दुर्बिणींतून पाहत होतों. माझे सत्तरीचे मित्र बरोबर होते. यंत्रानें आदल्या वर्षीं खरवडून सोडलेल्या उघड्या गोट्यांवर तो तसाच धांवला आणि तसाच थबकला. गांवचा मनुष्य भेटल्याचा आनंद मला झाला, तो मित्रानें लागलाच दुरुस्त केला: तेथील चिखल्या हिंवाळ्यांत आफ्रिकेंत जातो, भीमेशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. जात एक, घराणीं निराळीं. पण पुढें त्यांनीं जें सांगितलें तें मला अधिक नवलाचें वाटलें. १९३८ पूर्वीं ब्रिटनमध्यें या पक्ष्याचें घरटें झाल्याची नोंदच नाहीं. त्या सालीं हर्टफर्डशरमधील ट्रिंग येथें, पाणी उतरलेल्या जलाशयाच्या उघड्या तळावर, पहिलें घरटें सांपडलें; मग १९४४ सालीं पुन्हां. पुढें महायुद्ध संपलें, बॉम्बनीं पाडलेलीं शहरें उभीं करावयाचीं होतीं, त्यासाठीं देशभर रेतीचे खड्डे पडूं लागले, आणि चिखल्या खड्ड्यामागून खड्डा धरीत पसरत गेला. आज त्याच्या हजारावर जोड्या तेथें आहेत. १९४९ सालीं केनेथ ऑलसॉप या लेखकानें त्याच्यावर एक कादंबरीहि लिहिली. खाणींनीं देशोधडीला लावलेले पक्षी मला माहीत होते. खाणीनें देशांत आणून वसविलेला हा पहिलाच.

मात्र त्याचें हें बिऱ्हाड भाड्याचें, आणि तेंहि अल्प मुदतीचें. त्याला उघडी, बोडकी जमीन लागते. खाण थांबल्यावर तीन-चार वर्षांत गोट्यांतून गवत डोकावतें, मग वाळुंज उगवते, आणि पाहतां पाहतां झाडी होते. आपल्याला ती झाडी पाहून समाधान वाटतें, निसर्गानें जखम भरून काढली असें आपण म्हणतों. चिखल्या तोंवर बिऱ्हाड हलवून गेलेला असतो. म्हणूनच ते गृहस्थ कातरी घेऊन येत. वाळुंज कापून काढावयाची, गोटे पुन्हां उघडे करावयाचे. दर हिंवाळ्यांत तेंच. "इतकी मेहनत कशासाठीं?" असें मीं विचारलें तेव्हां ते म्हणाले, "पूर्वीं हें काम नदी करीत असे. ती पात्र बदली, कांठ फोडी, दर पुराला नवे गोटे पसरून जाई. आम्हीं तिला बांध घालून सरळ केली. आतां तिचें काम आमच्याकडे आलें."

हें ऐकल्यावर मी कांहीं वेळ बोललों नाहीं. जें काम ट्रेंटकांठीं म्हातारीं माणसें करवतीनें करीत होतीं, तें माझ्या लहानपणीं भीमा दर पावसाळ्याला एकटी करीत असे. पुढें वर उजनीचें धरण झालें आणि पुरांचा जोर उतरला. आणि उरलेली वाळू खणली जाते ती तेथल्यासारखी नदीपासून दूर, शेताखालून नव्हे, तर नदीच्याच पोटांतून. दोहोंत अंतर आहे. कुरणांत खड्डा केला तर कुरण जातें आणि तळें येतें, हा सौदा कोणाला पटो वा न पटो. पण पात्र खरवडलें तर नदी खोल जाते, कांठच्या विहिरी तिच्यामागून खालीं जातात, पुलांचे पाये उघडे पडतात, आणि बदल्यांत मिळतात ते ज्यांत पोरें बुडतात असे डोह. लहानांतल्या लहान वाळूपट्ट्यालाहि पर्यावरणाची मंजुरी लागेल, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं सांगून ठेवलें आहे. सांगून ठेवलेलें पुष्कळ आहे.

इंग्लंडांतलें सारेंच गोड आहे असें माझें म्हणणें नाहीं. जीं कुरणें गेलीं तीं गेलीं. तळें कितीहि सुंदर असलें तरी तें कुरण नव्हे. रेती काढणाऱ्या कंपन्या पक्ष्यांचीं चित्रें आपल्या जाहिरातींत हौसेनें छापतात, आणि कांहीं तळ्यांवर पक्ष्यांऐवजीं मोटारबोटी नाचतात. शिवाय हिमयुगानें टाकलेली रेती पुन्हां येणारी नाहीं. हें सारें मला दिसत होतें. तरी पण तेथें एक प्रश्न विचारण्याची रीत पडलेली आहे: खणून झाल्यावर काय?

तोच प्रश्न जुलै महिन्यांत माझ्या धाकट्या भावानें मला फोनवर विचारला, निराळ्या कारणानें. आमची नदीकांठची मळी वडिलार्जित. सातबाऱ्यावर दोघांचीं नांवें. मी पुण्यास, तो गांवीं, कसतो तो. वाळूच्या ठेकेदाराला पात्रांत गाड्या उतरविण्यासाठीं मळींतून वाट हवी होती, आणि तो देऊं करीत असलेली रक्कम भावाच्या दोन वर्षांच्या ऊंसाइतकी होती. मुलाला नुकताच अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेला. माझी संमति हवी होती.

"दादा, वाट नाही दिली तर ती वाळू राहणार आहे थोडीच? शेजारच्या बांधावरनं जाईल. मग आपणच का सोडायचं?"

त्याचें म्हणणें खोटें होतें असें मला म्हणतां येत नाहीं. मीं त्याला विहिरीची आठवण दिली; ती दहा वर्षांत दोन परस खालीं गेली होती, हें त्यालाच माझ्याहून अधिक ठाऊक. मग, बहुधा जवळ दुसरा युक्तिवाद नव्हता म्हणून, मीं तळ्यांची हकीकत सांगितली. त्यानें शांतपणें ऐकून घेतली.

"खणून झाल्यावर तिथं नीट कोण करून देतं?"

"खणणारा. परवानगींतच तसें लिहिलेलें असतें. वर पांच वर्षें देखभाल."

"आणि लिहिलेलं करतात?"

"बहुतेक करतात."

"मग मी पण आपल्या ठेकेदाराकडनं तसं लिहून घेऊ का?" एवढें बोलून तो स्वतःच हंसला, मलाहि हंसूं आलें. फोन ठेवतांना मीं वाट द्यावयाची नाहीं असें सांगितलें. तो बरें म्हणाला. मोठ्या भावाला नाहीं म्हणण्याची आमच्या घरांत रीत नाहीं, आणि त्या दिवशीं ती असती तर मला अधिक बरें वाटलें असतें.

वाट शेजाऱ्यानें दिली. दिवाळींत गांवीं गेलों तेव्हां त्याच्या बांधापलीकडे गाड्यांची रांग दिसली. आमच्या बाजूला कांठाखालीं बिघा-दीड बिघा वाळू अजून शिल्लक होती, परंतु पात्र खोल गेल्यामुळें तीहि कडेनें ढांसळूं लागली होती. चिखल्या दिसला नाहीं. तो त्याच्या घरट्याचा हंगामहि नव्हता. पुतण्याच्या फीचे पैसे मीं देऊं केले. भावानें ते घेतले, पोंच म्हणून मुलाच्या हातून कॉलेजची पावती पाठविली, आणि विहीर आणखी किती खोल न्यावयाची याचा अंदाज एका विहीर खणणाराकडून काढून ठेवला आहे. त्याचा निम्मा खर्च माझा.